नाणं टाका, मग बोलू

माझा मामा 1979 साली शिकागोला गेला आणि पिनबॉल व व्हिडिओ गेमची मशीनं दुरुस्त करण्यात त्याचं सगळं कामाचं आयुष्य गेलं. तिकडे या धंद्याला 'रूट' म्हणतात. मशीनांचा मालक एक असतो आणि ती गावभर विखुरलेली असतात: बारमध्ये, बोलिंग खेळायच्या ठिकाणी, पिझ्झाच्या दुकानात, लाँड्रीत. मालक ठरलेल्या दिवशी नाणी गोळा करतो, जागावाल्याला साधारण निम्मा वाटा देतो, आणि बंद पडलेलं मशीन त्याच दिवशी चालू व्हावं म्हणून एक मेकॅनिक हत्यारांची पेटी घेऊन फिरत असतो. मामा हा तो मेकॅनिक. मी डोंबिवलीत नव्वदच्या दशकात वाढले आणि जुन्या गेम पार्लरची मला ओढ आहे. मामाला ती नाही. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या गॅरेजमध्ये एका गिऱ्हाइकाचं जुनं पिनबॉल उघडून ठेवलं होतं. त्याच्या दोन बाजूंना उभं राहून आम्ही वाद घातला. तो इथे मांडते. सगळीकडे मामाचं म्हणणं मला पटलेलं नाही, पण त्याच्याइतकं आतून ही मशीनं पाहिलेला माणूस मला दुसरा माहीत नाही.

मी: मामा, या मागच्या काचेवरचं चित्र बघ. अशी रंगवलेली काच आता कुणी करतं का?

मामा: चित्र तू बघ, मला हे बघू दे. हे स्टेपर युनिट. बॉल बंपरवर आदळला की कॉइल हा दांता एक घर पुढे ढकलते आणि वर गुणांचं चाक फिरतं. यात चिप नाही, प्रोग्रॅम नाही. रिले, स्विच, कॉइल आणि खाली पसरलेली ही वायर, एवढंच. गिऱ्हाईक मला अभिमानाने सांगतो की इतकी वर्षं कुणाला हात लावू दिला नाही, म्हणून नव्यासारखं राहिलं. अगं, हात लावू दिला नाही म्हणूनच ते बंद पडलं. आतलं ग्रीस सुकून चिकटलंय, दांता जागचा हलत नाही. रिलेच्या पट्ट्यांवर काळा थर आलाय. रोज खेळलं गेलं असतं तर पट्ट्या एकमेकींवर घासून आपोआप साफ राहिल्या असत्या.

मी: म्हणजे ती खेळली गेली पाहिजेत असं तुलाही वाटतं.

मामा: मी बिघाडाचं कारण सांगतोय, मला काय वाटतं ते नाही. वाटतं ते तुम्हा लोकांना. तुम्हाला लहानपण परत हवं असतं आणि त्यासाठी पडेल ती किंमत मोजायची तुमची तयारी असते. पण तेव्हा हे मशीन तुमच्याशी कसं वागत होतं ते विसरता. इकडे ये. बॉल परत वर मारणाऱ्या या फ्लिपरच्या बाहेरच्या अंगाला ही गल्ली दिसते? आउटलेन. बॉल हिच्यात शिरला की गेला, फ्लिपर त्याला वाचवू शकत नाही. तिच्या तोंडाशी रबर घातलेला खांब आहे, त्याच्यासाठी भोकं किती पाडलीत?

मी: तीन.

मामा: एका भोकात बसवला तर तोंड अरुंद, बॉल बऱ्याचदा वाचतो. शेवटच्या भोकात बसवला तर तोंड रुंद. मालक म्हणायचा, त्या अमक्या बारमधली पोरं एका नाण्यात फार वेळ खेळतायत. मी जायचो, काच काढायचो, खांब एक घर सरकवायचो. बोटाच्या रुंदीचाही फरक नसायचा, पण पुढच्या खेपेला गल्ला वाढलेला असायचा. आणि खेळणाऱ्याला वाटायचं, आज आपला हात चालत नाहीये. व्हिडिओ गेमला तर तेवढेही कष्ट नव्हते. बोर्डावर बारीक डिप स्विच असत. जीव तीन द्यायचे की पाच, खेळ सोपा ठेवायचा की अवघड, सगळं तिथे ठरायचं. नाणं पडल्यापासून दोन-तीन मिनिटांत माणूस बाजूला झाला पाहिजे, हा हिशेब होता. त्याला तू सुवर्णकाळ म्हणतेस.

मामाचा हा मुद्दा फार वजनदार आहे. जुन्या खेळांबद्दल भरभरून लिहिणारे बहुतेक जण तो टाळून पुढे जातात. पण त्याच हिशेबाने या खेळांना घडवलं, असं माझं मत आहे, आणि ते मी तिथेच मांडलं.

मी: दोन-तीन मिनिटांत बाजूला करायचं, आणि तरी माणसाने खिशातून दुसरं नाणं काढलं पाहिजे. हे दोन्ही साधायचं तर खेळ सच्चा असावा लागतो. हरलो ते आपल्या चुकीने हरलो, असं वाटलं तरच माणूस पुन्हा नाणं टाकतो. 1980 चा पॅक-मॅन घे. तोरू इवातानीच्या त्या खेळाचा सगळा प्रोग्रॅम सोळा किलोबाइटांत बसला होता. तेवढ्यात चार भुतांना चार स्वभाव दिलेत. लाल भूत सरळ पाठलाग करतं. गुलाबी भूत तू जिथे आहेस तिथे येत नाही, तुझ्या तोंडापुढे चार घरांवरच्या जागेवर नेम धरतं. नारिंगी भूत जवळ येतं आणि ऐन वेळी कोपऱ्याकडे पळतं. खेळणाऱ्याला हे कुणी सांगत नाही, नाणी घालवूनच ते कळतं. स्पेस इनव्हेडर्समध्ये शत्रू मरत जातात तसे उरलेले वेगाने सरकतात, ते का माहीत आहे ना तुला?

मामा: माहीत असणारच, ते बोर्ड हाताखालून गेलेत माझ्या. प्रोसेसर एका वेळी एकच परग्रहवासी हलवायचा. पंचावन्न असताना सगळी रांग हलायला वेळ लागायचा. शेवटचा एक उरला की तोच सारखा हलणार, म्हणून तो धावतो. तो खेळ करणाऱ्या निशिकादोने 1978 मध्ये ते तसंच राहू दिलं.

मी: राहू दिलं, हेच त्याचं मोठेपण. यंत्राची मर्यादा होती, तिच्यातून त्याने खेळाचा थरार काढला. एवढ्याशा जागेत, एवढ्या कमी वेळात इतकं नेमकं काम करणारी माणसं होती ती. त्यांच्या कामाची आठवण काढणं म्हणजे नुसतं लहानपणासाठी हळहळणं नाही.

मामा: बरं. ते कारागिरीचं झालं, आणि कारागिरीला मी कधीच नाव ठेवणार नाही. पण तू ओढ म्हणालीस, ती त्या जागेची. त्या जागांमध्ये मी रोज जात होतो. सिगारेट ठेवून ठेवून तपकिरी चट्टे पडलेली कंट्रोल पॅनलं मी बदललीत. आत मुलगे, फक्त मुलगे. तुमच्या डोंबिवलीला काही वेगळं होतं का?

मी: नव्हतं. स्टेशनजवळच्या गल्लीत एक खोली होती, दाराला जाड पडदा. मोठ्या भावाबरोबर मी जायचे. तो खेळायचा आणि मी त्याची टोकनं मुठीत धरून भिंतीला टेकून उभी. पार्लरवाल्याने एकदा भावाला सांगितलं की बहिणीला आणत जाऊ नकोस, बाकीची पोरं बुजतात. मग आम्ही दुपारी जायला लागलो. तेव्हा खोली जवळजवळ रिकामी असायची आणि मला खेळता यायचं. खेळ म्हणजे मुस्तफा.

मामा: हा कुठला?

इथे मराठी वाचकाला सांगायला नको, पण मामा तेव्हा शिकागोत होता. कॅपकॉम कंपनीचा 1993 चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा खेळ. चार जणांपैकी एक निवडायचा आणि गुंडांना व डायनोसॉरांना लोळवत पुढे जायचं. त्या चौघांतल्या पिवळ्या टोपीवाल्या चपळ गड्याचं नाव मुस्तफा. भारतभरच्या पार्लरमध्ये सगळा खेळच त्याच्या नावाने ओळखला जायचा. 'कॅडिलॅक्स' म्हटलं असतं तर आमच्या गल्लीत कुणाला कळलं नसतं.

मी: चौघांत एक बाई होती, हॅना. मी तीच घ्यायचे. शेजारी उभी असलेली पोरं सांगायची, मुस्तफा घे, तो वेगाने धावतो. मी हॅनाच घेऊन खेळायचे आणि मरायचे.

मामा: म्हणजे जिथे तुला नीट उभंही राहू देत नव्हते, त्या जागेची तुला ओढ वाटते. याचा अर्थ काय लावू मी?

मी: जशी होती तशी ती जागा मला परत नकोच. मला हवं आहे ते त्या जागेत थोडा वेळ का होईना, मिळालेलं काहीतरी. भावाच्या वर्गातला मुलगा, भाजीवाल्याचा पोऱ्या, कॉलेज बुडवून आलेला कुणी, असे तिघे एका पडद्यापुढे खांद्याला खांदा लावून उभे राहायचे आणि न ठरवता एकमेकांना वाचवायचे. मुस्तफा तिघांनी मिळून खेळता यायचा. ओळख नाही, नाव माहीत नाही, पण त्याचा जीव कमी झाला की खाण्याचा तुकडा त्याच्यासाठी सोडायचा. घरी एकटीने खेळताना मला हे मिळत नाही. आणि इवातानीने पॅक-मॅन केला तोच मुळी बायकांनी आणि जोडप्यांनी पार्लरमध्ये यावं म्हणून. त्याने हे वारंवार सांगितलं आहे. म्हणजे दार उघडायला हवं हे त्या धंद्यातल्या माणसांनाही तेव्हा कळत होतं.

मामा: तिकडे काचेवर नाणं ठेवायची पद्धत होती. पुढचा डाव माझा, असं सांगायला खेळणाऱ्याच्या समोर काचेच्या कडेला एक क्वार्टर ठेवून द्यायचा. नाण्यांची रांग लागायची. आपलं नाणं कुठलं ते प्रत्येकाला माहीत, दुसऱ्याचं कुणी उचलायचं नाही. दारू प्यायलेल्या लोकांच्या बारमध्येही ते पाळलं जायचं. हे मात्र खरंच चांगलं होतं.

तो पुन्हा वाकला आणि रिलेच्या पट्ट्यांमधून बारीक कानस फिरवू लागला. मग आपणहून बंदीचा विषय काढला.

मामा: तुमच्यातले लोक न्यू यॉर्कची बंदी म्हटली की चिडतात. ला गार्डिया महापौर होता, 1942 मध्ये त्याने पिनबॉलवर बंदी आणली, जप्त केलेली मशीनं हातोड्याने फोडतानाचे फोटो काढून घेतले. सगळे म्हणतात, बघा किती मागासलेला माणूस. पण 1942 चं मशीन डोळ्यांपुढे आण. 1931 मध्ये गॉटलिबने 'बॅफल बॉल' आणलं, पुढच्या वर्षी मोलोनीने 'बॅलीहू'. त्यावरूनच बॅली कंपनीचं नाव पडलं. मंदीचे दिवस. स्प्रिंगचा दांडा ओढायचा, बॉल वर उडवायचा, आणि खिळ्यांवर आपटत तो कुठल्या भोकात पडतो ते बघत बसायचं. त्या मशीनला फ्लिपर नव्हते! फ्लिपर आले 1947 मध्ये, गॉटलिबच्याच 'हम्प्टी डम्प्टी'वर. म्हणजे ला गार्डियाने जे फोडलं त्यात खेळणाऱ्याच्या हातात फारसं काही नव्हतं. कित्येक ठिकाणी जिंकल्यावर पैसेही देत होते. त्याला जुगार म्हणणं चूक कसं?

मी: 1942 पुरतं मान्य. पण 1947 नंतरही ती बंदी 1976 पर्यंत राहिली! मशीन बदललं, पण कायदा होता तिथेच राहिला. आणि ज्या शिकागोत गॉटलिब, बॅली, विल्यम्स सगळे कारखाने, त्या शिकागो शहरातही सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत पिनबॉल खेळायला बंदी होती.

मामा: हो, मी आलो तेव्हा ती नुकतीच उठली होती, म्हणून तर मला काम मिळालं.

मी: आणि न्यू यॉर्कची बंदी उठली ती रॉजर शार्प नावाच्या खेळाडूने नगरपालिकेच्या लोकांसमोर खेळून दाखवलं म्हणून. दांडा ओढण्याआधी त्याने सांगितलं की बॉल मधल्या गल्लीतून खाली येईल, आणि तो आला. आउटलेनच्या खांबाबद्दल तू जे सांगितलंस ते खरं आहे, पण शार्पने दाखवलं तेही खरं आहे. चांगला खेळणारा मशीनला कमरेने ढकलतो, कोपरखळी मारतो, बॉलची दिशा केसभर बदलतो. मालकाने खांब कितीही सरकवला तरी.

मामा: त्याची सोयही आत आहे. वाकून बघ, या बाजूला. सळईला लटकवलेलं वजन आणि त्याच्याभोवती कडं. गवंड्याचा ओळंबाच आहे. मशीन जास्त हलवलंस की वजन कड्याला टेकतं, सर्किट जुळतं, आणि टिल्ट. फ्लिपर मरतात, दिवे जातात, बॉल हातचा गेला. हॅरी विल्यम्सने टिल्टची युक्ती काढली. पण लक्षात घे, कडं वजनाला चिकटवून ठेवलेलं नाही. मध्ये मोकळी जागा आहे. तेवढं हलवायची मुभा आहे खेळणाऱ्याला. मालक सांगायचे, मुभा कमी कर. मी थोडी जागा ठेवायचोच.

मी: का?

मामा: नाहीतर तो पिनबॉल राहत नाही.

ओढ नाही म्हणणाऱ्या माणसाचं हे उत्तर होतं. मी त्यावर काही बोलले नाही. इथून पुढे वाद खऱ्या मुद्द्यावर आला: जपायचं ते नेमकं काय?

मामा: व्हिडिओ गेमचं म्हणशील तर माझ्या मते प्रश्न सुटलेला आहे. निकोला सालमोरिया नावाच्या इटालियन माणसाने 1997 मध्ये 'मेम' सुरू केलं. जुन्या बोर्डावरची प्रत्येक चिप कशी वागते ते कॉम्प्युटरवर तंतोतंत उतरवायचं, मग मूळ प्रोग्रॅम त्यावर चालतो. पॅक-मॅनच्या दोनशे छप्पन्नाव्या पातळीला आकडा आठ बिटांत मावत नाही आणि अर्धा पडदा कचऱ्याने भरतो, तो कचरासुद्धा तिथे जसाच्या तसा दिसतो. हजारो खेळ वाचलेत त्यात. मग ही अजस्र लाकडी कपाटं कशाला जपायची? खेळ प्रोग्रॅममध्ये आहे.

मी: प्रोग्रॅम वाचला, याबद्दल मेम करणाऱ्यांचे मोठे उपकार आहेत. ते प्रोग्रॅम कंपन्यांच्या मालकीचे, हा प्रश्न वेगळा आणि तोही खरा. पण माझ्या मुस्तफाचं सांगते. मी मेमवर तो लावला. संगीत भरदार, आवाज खोल. आणि मला तो परका वाटला! डोंबिवलीत ऐकलेला हा आवाजच नव्हता. मग कळलं, आमच्या पार्लरमधला बोर्ड नकली असणार. नकली बोर्ड करणाऱ्यांनी कॅपकॉमची महागडी क्यूसाउंडची आवाजाची व्यवस्था काढून साधी चिप बसवली होती. मेममध्ये ती नकली आवृत्तीही वेगळी जपून ठेवलेली आहे. ती लावली आणि पहिल्याच ठोशाला आवाज ओळखला.

मामा: मग हे माझ्याच बाजूचं झालं की. आणि त्यात अजून एक गोष्ट तुला सांगतो. त्या काळच्या कॅपकॉमच्या अस्सल बोर्डांवर एक बॅटरी असते. नक्कल होऊ नये म्हणून प्रोग्रॅम उघडायची किल्ली जिवंत मेमरीत ठेवली आणि ती मेमरी त्या बॅटरीवर चालवली. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड मुका होतो. एका माणसाने असा बोर्ड कपाटात जपून ठेवला होता, माझ्याकडे आणला तेव्हा त्यात काही उरलं नव्हतं. नकली बोर्डांत ती बॅटरीच नव्हती, म्हणून ते चालू राहिले. शेवटी छंदी लोकांनी अस्सल बोर्ड पुन्हा जिवंत करायच्या युक्त्या शोधल्या, ते वेगळं. पण कंपनीने स्वतः आपल्या खेळाला मरणाची तारीख देऊन ठेवली होती. कपाटावर भरवसा कसला ठेवतेस?

मी: मी कपाटावर भरवसा ठेवत नाहीये. प्रोग्रॅम वाचला म्हणून सगळं वाचलं, हे मला मान्य नाही. तूच सांग, 1979 चा ॲस्टेरॉइड्स आजच्या सपाट पडद्यावर कसा दिसतो?

मामा: तो नाहीच दिसत. त्याचा पडदा वेगळा होता. टीव्हीसारख्या आडव्या ओळी नाहीत, इलेक्ट्रॉनचा झोत थेट रेषा काढायचा. गोळी म्हणजे एकाच जागी थांबलेला झोत, अंधारात ठिणगीसारखा पेटायचा. त्या पिक्चर ट्यूब आता कुणी बनवत नाही. ते जातंय, आणि ते परत येणार नाही.

मी: झालं तर मग.

मामा: झालं काय? हरकत नाही, तेवढं तुझं. पण मी जे सांगतोय ते ऐक. व्हिडिओ गेमचं निदान नव्वद टक्के काम प्रोग्रॅमने भागतं. या पेटीचं भागत नाही. इथे बॉल खरा आहे. पोलादाचा, ऐंशी ग्रॅमचा, सव्वा इंचाच्या आतला. फळीला थोडा उतार. फळीवर मेण किती आहे, रबर किती ताठ आहे, पाय किती समपातळीत आहेत, सगळ्यावर तो कुठे जाईल ते ठरतं. आणि फ्लिपर बघ. याच्या कॉइलमध्ये दोन वेढे आहेत. तू बटण दाबलंस की आधी जाड तारेच्या वेढ्यातून पूर्ण जोर येतो आणि फ्लिपर उसळतो. टोकाला पोचला की हा छोटा स्विच उघडतो आणि बारीक तारेचा वेढा मध्ये येतो. तो फक्त धरून ठेवतो, नाहीतर बटण दाबून उभी राहिलीस तर कॉइल जळेल. हा स्विच लवकर उघडला तर फ्लिपर लुळा पडतो. उशिरा उघडला तर धूर. केसाएवढी फट ठेवायची असते. ही फट कुठल्या पुस्तकात नीट सांगता येत नाही, बोटाला कळते. मला शिकवणारा पोलिश म्हातारा होता, त्याने माझ्या बोटावर बोट ठेवून शिकवलं. आता मी कुणाला शिकवू?

वादाचा गाभा मला इथे सापडला. मामाला मशीन जपण्याबद्दल नव्हे, तर दुरुस्त करणारा माणूस न जपता मशीन जपण्याबद्दल राग होता. आणि या रागात मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. जुन्या वस्तूंच्या हौशीत वस्तूला किंमत येते, पण ती चालू ठेवणाऱ्या हाताला मजुरीसुद्धा धड मिळत नाही. हे आपल्याकडच्या हार्मोनियमपासून जुन्या प्रोजेक्टरपर्यंत सगळीकडे दिसतं.

मी: पण मामा, तुझ्याकडे आज काम येतं ते त्याच हौशी लोकांमुळे ना? 1992 मध्ये 'ॲडम्स फॅमिली' या पिनबॉलची वीस हजारांहून जास्त मशीनं विकली गेली, आणि सात वर्षांत, 1999 मध्ये, ते करणाऱ्या विल्यम्सने पिनबॉलचा कारखाना बंद केला.

मामा: कारण जुगाराच्या स्लॉट मशीनमध्ये कितीतरी जास्त पैसा होता. ज्या पिनबॉलला जुगार म्हणून हातोड्याने फोडलं, ते शेवटी जुगाराच्या धंद्यापायी बंद झालं. त्या दिवशी कारखान्यातून बाहेर आलेली माणसं मी पाहिलीत. तीस-तीस वर्षं काम केलेली.

मी: त्यानंतर कितीतरी वर्षं स्टर्न ही एकटी मोठी कंपनी पिनबॉल बनवत राहिली. तेव्हा तुझे हे कॉइल, रबर, प्लास्टिकचे तुकडे, कुणी बनवले? लहान लहान कारखान्यांनी, आणि त्यांचं गिऱ्हाईक कोण होतं? तळघरात मशीन ठेवणारे, लहानपणासाठी हळहळणारे लोक. त्यांच्या पैशावर सुटे भाग टिकले, आणि सुटे भाग टिकले म्हणून पुढे नव्या कंपन्या उभ्या राहू शकल्या. 2011 मध्ये जर्सी जॅक आली. ओढीला तू नावं ठेवतोस, पण बिल तिनेच भरलंय.

मामाने कानस खाली ठेवली. हा मुद्दा त्याने आधी कुणाकडून ऐकला नसावा, किंवा ऐकायचा नसावा.

मामा: बिल भरलं, हे खरं. पण ज्याने भरलं त्याने मशीन घरात कोंडलं. एका माणसाचं मशीन म्हणजे शंभर जणांनी न खेळलेलं मशीन. ब्रुकफिल्डला, इथून जवळच, 'गॅलपिंग घोस्ट' आहे. 2010 मध्ये सुरू झालं. दारात एकदाच पैसे द्यायचे, आत शेकडो जुनी मशीनं, दिवसभर हवं ते खेळा, नाणं लागत नाही. बंद पडलेलं तिथेच दुरुस्त करतात. ते लोक मला मान्य आहेत. फक्त एक गोष्ट नाही. नाणं नाही म्हणजे हरण्याची किंमत नाही. पोरं एक डाव अर्धवट सोडून दुसऱ्या मशीनकडे पळतात. लास व्हेगासचं 'पिनबॉल हॉल ऑफ फेम' मला जास्त पटतं. तिथे नाणं टाकावं लागतं, आणि नफा दानधर्माला जातो.

मी: आणि मला ब्रुकफिल्ड जास्त पटतं. नाणं नसेल तर भिंतीला टेकून उभी असलेली मुलगी पुढे येते. पहिल्यांदा खेळणाऱ्याला दहा वेळा हरायची मोकळीक लागते. माझ्या मुठीत भावाची टोकनं होती, माझी नव्हती.

मामा: मग शिकल्यावर नाणं टाकावं.

मी: शिकल्यावर टाकेल की.

यावर आमचं एकमत झालं नाही आणि आजही नाही. मशीन मात्र संध्याकाळी चालू झालं. मामाने गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं की घेऊन जा, पण आठवड्यातून निदान एकदा शेजारपाजारच्या मुलांना खेळायला बोलावणार असशील तरच पुढच्या वेळी मी हात लावीन. गिऱ्हाइकाने कबूल केलं.

शिकागोसारखे पिनबॉलचे कारखाने आपल्याकडे नव्हते, पण गेम पार्लर गावोगावी होती. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, पणजी, कुठेही विचारा, कुणाच्या तरी माळ्यावर किंवा दुकानामागे एखादं कपाट, एखादा बोर्ड अजून पडलेला असेल. तुमच्याकडे असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. तांब्याच्या भावाने त्याचे फार तर काही रुपये येतील. नकली बोर्ड असला तरी टाकू नका, आपल्या पार्लरांचा इतिहास त्याच बोर्डांत आहे. वायरी सोडवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. बोर्डावर फुगलेली, हिरवट-पांढरी बुरशी धरलेली बॅटरी दिसली तर ती गळते आहे आणि आजूबाजूचं तांबं खाते आहे, तिचं काहीतरी तातडीने करायला हवं. पण कॅपकॉमचा अस्सल बोर्ड असेल तर बॅटरी स्वतः काढू नका, ती काढताच प्रोग्रॅमची किल्ली पुसली जाईल. आधी जाणकाराला दाखवा. आणि तुमच्या भागात अशी मशीनं दुरुस्त करणारा कुणी म्हातारा मेकॅनिक असेल, तर एखाद्या मुलाला किंवा मुलीला त्याच्याकडे शिकायला पाठवा, आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या.